वीकएण्डचा मासा, वीकडेचं पाणी

शुक्रवार रात्रीचं फिश फिंगर असो की रविवारची रहूची करी... त्यातला मासा समुद्रातून नाही, तळ्यातून, शेततळ्यातून नाहीतर धरणातून आलेला असतो. आणि पुणेकरांचं त्याच्याशी असलेलं नातं फक्त बिल भरण्यापुरतं नाही!

शुक्रवारची संध्याकाळ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटलेली गँग बाणेरला एका टेबलावर विसावलेली. मेन्यूकार्ड उघडायच्या आतच ऑर्डर सुटते. फिश फिंगर, अमृतसरी फिश, एक फिश टिक्का. कुठला फिश, हे कुणी विचारत नाही. प्लेटमध्ये येतो तो पांढरा, मऊ, बिनकाट्याचा, ज्या मसाल्यात टाकाल त्याचा होऊन जाणारा. टीममध्ये असतो ना एखादा असा? कुठल्याही प्रोजेक्टवर टाका, कुरकुर नाही!

बहुतेक वेळा त्याचं नाव असतं बासा. मूळचा व्हिएतनामच्या मेकाँग नदीकडचा, पंगस कुळातला. हल्ली तो आंध्रच्या तळ्यांत आणि आपल्याकडच्या धरणांत तरंगणाऱ्या पिंजऱ्यांतही वाढतो. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. बुफेमधला ‘पॉम्फ्रेट फ्राय’ फारच स्वस्त आणि फारच मोठा वाटला, तर एकदा त्याचं तोंड उघडून बघा. आत माणसासारखे चपटे दात दिसले तर तो पापलेट नव्हे, रूपचंद. दक्षिण अमेरिकेतला, पिरान्हाचा लांबचा चुलतभाऊ. खायला वाईट नाही हो, फक्त पापलेटचं आयकार्ड गळ्यात घालून फिरतो, एवढंच.

म्हणजे आपण ‘सी-फूड खाऊ या’ म्हणून निघतो आणि खाऊन येतो ते तळ्यातलं. देशाचंच चित्र तसं आहे. २०२२-२३ या वर्षात भारतात सुमारे १७५ लाख टन मासळी निघाली. त्यातली १३१ लाख टन नद्या, तळी, धरणं यांतली. समुद्राची ४४ लाख टन. आणि ज्या पापलेटवर आपला एवढा जीव, त्याला महाराष्ट्रानं २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर केलं ते काही नुसत्या कौतुकापोटी नाही. वाढ व्हायच्या आतच त्याची पिल्लं जाळ्यात येतात आणि तो कमी होत चाललाय, म्हणून.

तळ्यातल्या माशाची गोष्ट सुरू होते एका इंजेक्शनपासून. कतला, रहू, मृगळ हे मासे पुराचं वाहतं पाणी अंगावर आल्याशिवाय अंडी घालत नाहीत. तळ्यातल्या साचलेल्या पाण्यात त्यांचा मूडच लागत नाही. त्यामुळे पूर्वी नदीच्या पुरातून पिल्लं गाळून आणायची, आणि त्यात कुठल्या जातीची किती, हे नशिबावर. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तळ्यातच अंडी घालायला लावलं. बस्स! तिथून माशाचं बियाणं विकत मिळायला लागलं. अगदी बारीक असतं ते मत्स्यजिरे, थोडं वाढलं की मत्स्यबीज, बोटाएवढं झालं की बोटुकली. नावं पण काय गोड आहेत. १० जुलै हा आज देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. ऑफिसच्या कॅलेंडरवर अर्थातच नसतो.

आंध्रचा ट्रक, भिगवणची पाटी

पुण्यात मासळीचा मोठा बाजार गणेश पेठेत. तिथल्या रविवारच्या आवकीची बातमी भाजी-फळांच्या भावांसोबत पेपरात येते. आपण ती कधी वाचत नाही. एकदा वाचा. खोल समुद्राची मासळी काही टन, खाडीची काही शे किलो, नदीची थोडीफार. आणि शेवटी एक ओळ असते, आंध्र प्रदेशातून आलेल्या रहू, कतला, सीलनची. ती पुन्हा टनांत, आणि पुष्कळदा समुद्राच्या तोडीस तोड.

हा माल येतो कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडच्या सपाट प्रदेशातून. कोल्लेरू सरोवराच्या आसपास मैलोन् मैल तळीच तळी. भातशेतीपेक्षा मासा परवडतो म्हणून लोकांनी शेतं खोदून तळी केली. मासा बर्फात भरला जातो आणि ट्रक निघतो. कोलकात्याला, गुवाहाटीला, मुंबईला, पुण्याला. आंध्रचं यश चवीत नाही, सप्लायमध्ये आहे. रोज तेवढाच माल, तेवढ्याच आकाराचा. हॉटेलवाल्याला आणि अॅपवाल्याला हेच तर हवं असतं.

गिऱ्हाईकही बदललंय. पुण्यात आयटी आलं तसे बंगाल-ओडिशातून हजारो लोक आले. आपल्याला ज्या रहूत काटेच दिसतात, त्यात त्यांना घर दिसतं. रविवारी सकाळी तुमचा बंगाली टीममेट मासेवाल्या मावशींसमोर उभा राहून पोटाकडची ‘पेटी’ वेगळी आणि पाठीकडचा ‘गादा’ वेगळा कापून घेत असतो. आपण मात्र शेजारच्या पाटीवरच्या सुरमईचा भाव ऐकून पुढे सरकतो.

तोपर्यंत नदीच्या मासळीच्या पाट्यांकडे आपलं लक्षही गेलेलं नसतं. मरळ, वाम आणि काळपट, काटेरी पाठीची चिलापी. यातली बरीचशी येते उजनीहून. आणि पुण्याचा खरा शेजारी आंध्र नाही, उजनी आहे.

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साधारण ११७ टीएमसी पाणी मावणारा हा जलाशय सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरलेला. त्यात गावं बुडाली, शेती बुडाली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि तुमच्या इन्स्टावर येतं, ते त्याच बुडालेल्या गावांपैकी. जमीन गेल्यावर काठावरच्या अनेकांनी पाण्यालाच शेत मानलं. परंपरेनं मासेमारी करणारा भोई समाज होताच. पण नांगर धरणाऱ्यांच्या हातातही जाळं आलं. भिगवण आणि इंदापूरला मासळीचे लिलाव व्हायला लागले. पुणे-सोलापूर हायवेवर भिगवणच्या आसपास ‘मच्छी थाळी’चे बोर्ड दिसतात, त्यामागे ही सगळी गोष्ट आहे.

धरणातला मासा ही तशी अर्धी शेती. पाण्यात बोटुकली सोडायची, खायला घालायचं नाही, वाढेल तसा धरायचा. कतला वरच्या थरात खातो, रहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच पाण्यात तीन मजल्यांची सोसायटी, भांडण नाही. पण त्यासाठी दोन अटी आहेत. बीज वेळेवर सोडलं पाहिजे आणि पिल्लांना वाढायला वेळ दिला पाहिजे. दुसरी अट उजनीत मोडते. बारीक आसाची जाळी ओढून बोटाएवढी पिल्लंसुद्धा खरवडून काढायची, याला तिथे ‘वडाप’ म्हणतात. त्यावर बंदी आहे, कारवाई होते, तरी ते पुन्हा सुरू होतं. किलोभर पिल्लांत उद्याचे किती किलो मासे गेले, हा हिशेब काठावरच्या सगळ्यांना येतो. पण आज संध्याकाळचा हिशेब जास्त जवळचा असतो ना.

जूनपर्यंत कुणाचं पाणी टिकतं?

आता येऊ खऱ्या शेतीकडे. इंदापूर, बारामती, सोलापूरकडे गेलात तर शेतात प्लास्टिक अंथरलेली चौकोनी शेततळी दिसतील. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि त्यांची संख्या वाढत गेली. तळं खोदलं द्राक्ष-डाळिंबासाठी, पण पाणी आहेच तर त्यात मासे सोडले. पावसाळ्यात बोटुकली सोडायची, शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा घालायचा, दहा-बारा महिन्यांत मासा किलोभराचा होतो.

कॅलेंडर बघा म्हणजे गंमत कळेल. समुद्रातली यांत्रिक मासेमारी जून-जुलैत बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि वादळी समुद्र, दोन्हीमुळे. शहरात मासा कमी, मागणी तीच. म्हणजे तळ्यातल्या माशाला भाव मिळायचा सीझन हाच. आणि जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेला मासाही बरोब्बर तेव्हाच तयार होतो. परफेक्ट टायमिंग! फक्त एकच भानगड आहे. शेततळ्यात सगळ्यात कमी पाणी असतं ते मे महिन्यात. बाग जगवायची की मासा, असा प्रश्न आला की बाग जिंकते. मग एकाच आठवड्यात गावातली सगळी तळी उपसली जातात, सगळ्यांचा मासा एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. तीन आठवडे थांबता आलं असतं तर... पण थांबायचं कशात?

मासा म्हणजे काही कांदा नाही, चाळीत भरून ठेवायला. एकदा पाण्याबाहेर काढला की घड्याळ सुरू. बर्फ, टेम्पो, हमाली, अडत, वाटेत होणारी घट. लिलावात बोली लागली की ती घ्यायची, माल परत न्यायची सोय नसते. पुढे शहरात कापणाऱ्या मावशींची मजुरी, दुकानाचं भाडं. अॅपवरून आला तर पॅकिंग, कोल्ड चेन आणि आपल्या दारापर्यंत येणारा मुलगा. या साखळीत प्रत्येक जण काही ना काही काम करतो, कुणी फुकट खात नाही. तरी सगळी रिस्क एकाच टोकाला, तळ्याच्या बांधावर साठते. ऑक्सिजन संपून रात्रीत तळं मेलं तर नुकसान शेतकऱ्याचं. अडत्याचं नाही, आपलं तर नाहीच.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. म्हणजे शेतीच्या दरानं वीज, पीककर्जासारखं कर्ज, विमा. ऐकायला कोरडं वाटतं. पण ज्याचा एअरेटर रात्रभर चालतो त्याला वीजबिल विचारा. आणि विमा असेल तर तो मेमध्ये घाबरून मासा काढायच्या ऐवजी आणखी थोडे दिवस थांबायचा विचार तरी करू शकेल.

वास कुणाचा?

गोड्या पाण्यातला मासा नको म्हणणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं. ‘चिखलाचा वास येतो यार.’ माझंही होतं. तो वास खरा आहे, त्याला नावही आहे, जिओस्मिन. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जीवाणू हे रसायन बनवतात आणि ते माशाच्या मांसात उतरतं. पहिल्या पावसानंतर मातीचा जो सुगंध येतो, ज्यावर आपण स्टेटस टाकतो, तोही मुख्यतः याच रसायनाचा. मातीत असला की मृद्गंध, माशात असला की ‘ईईई’!

आता हे शेवाळ वाढतं कशावर? नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. ते येतं शेतातल्या खतातून आणि सांडपाण्यातून. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेत, मुळा-मुठा भीमेत, भीमा उजनीत. पिंपरी-चिंचवडच्या पवना आणि इंद्रायणीही अखेर तिथेच. सोमवार ते शुक्रवार आपण जे बेसिनमधून, बाथरूममधून, वॉशिंग मशीनमधून सोडतो, त्यातलं पुष्कळसं शुद्ध न होता वाहत जातं आणि शंभर किलोमीटर खाली कुणाच्या तरी जाळ्याखाली पोचतं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवंगार होतं. रात्री ते शेवाळ आणि कुजणारी घाण मिळून पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. पहाटे मासे तोंडं वर काढून हवा गिळत असतात. कतला-रहूला ते झेपत नाही.

चिलापीला झेपतं. आफ्रिकेतला हा मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला. अंडी तोंडात धरून सांभाळणारी आई, भराभर वाढणारी प्रजा, कमी ऑक्सिजनमध्येही तग. उजनीत तिचंच राज्य झालंय. गरिबाला स्वस्त मासा मिळाला हे खरं. पण कतल्याला जो भाव मिळतो तो चिलापीला मिळत नाही, म्हणजे तेवढंच जाळं ओढून हातात पैसे कमी. भर म्हणून आपल्या अॅक्वेरियममधून बाहेर पडलेला सकर मासाही जाळ्यात येऊ लागलाय. त्याला बाजारच नाही; वर अंगावरच्या खवल्यांनी जाळी फाडतो तो वेगळाच.

पुण्यातल्या नदीसुधारासाठी जपानच्या जायका संस्थेबरोबर कर्जाचा करार झाला जानेवारी २०१६ मध्ये. सांडपाणी शुद्ध करणारी ११ नवी केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता. मग कामं प्रत्यक्ष सुरू व्हायलाच वर्षांमागून वर्षं गेली. आपल्या प्रोजेक्टची डेडलाइन एक आठवडा हुकली तर केवढे मेल फिरतात! मासा तळल्यानं जंतू मरतात. पाण्यातून आलेले जड धातू तळून जात नाहीत. त्यामुळे हे पाणी साफ व्हायचं असेल तर ते भिगवणच्या कढईत होणार नाही, वर पुण्यातच व्हायला हवं.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनस ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. मायनस म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठा सुरू. पाणी आकसलं की घाण दाट होते, मासे एका जागी गोळा होतात आणि जाळी टाकणंही सोपं होतं. दोन-तीन आठवडे बरी कमाई, पुढे रिकामी होडी.

नोकरी सोडून मासे?

हे वाचून कुणाच्या तरी डोक्यात आलंच असेल... गावी जमीन आहे, राजीनामा टाकतो, मासे पाळतो! लॉकडाऊनमध्ये हा विचार खूप जणांना आला होता. यूट्यूबवर बायोफ्लॉकचे व्हिडिओ, ‘एका टाकीत लाखोंची कमाई’ वगैरे. पुष्कळांनी टाक्या उभ्या केल्या, पुष्कळांचे हात पोळले. कारण टाकीत मासे दाटीनं ठेवले की हवा चोवीस तास पंपानं द्यावी लागते. लाइट गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, तर तासा-दोन तासांत सगळं संपतं. शिवाय खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग खाद्याचा. भाव दहा रुपयांनी पडला की नफा गायब. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत, २०२० मध्ये आलेली ती, सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठरवलं गेलं. अनुदान टाकीला मिळतं, गिऱ्हाइकाला नाही. आधी महिनाभर पहाटेचे लिलाव बघा, मग टाकी बांधा.

आणि कुणी ‘सहा महिन्यांत तिप्पट’ म्हणून आफ्रिकन मांगूर गळ्यात मारत असेल, तर चार हात लांब! त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. तो इतर मासे फस्त करतो, त्याला कत्तलखान्यातलं टाकाऊ मांस घालून वाढवतात. उजनीच्या काठच्या अशा तळ्यांवर कारवाई झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच.

नोकरी न सोडताही काही करता येतं. बाजारात किंवा अॅपच्या चॅटवर ‘ताजा आहे का?’ विचारण्याऐवजी ‘कुठला आहे?’ विचारा. ताजा तर सगळेच म्हणतात. कल्ले लाल आहेत का, डोळे फुगीर आहेत का, बोटानं दाबल्यावर मांस परत वर येतं का, हे स्वतः बघा. बोटाएवढी पिल्लं स्वस्त मिळाली तरी नको म्हणा. जून-जुलैत पापलेटसाठी हट्ट धरायच्या ऐवजी शेततळ्यातला कतला घ्या. शक्य असेल तर दोघा-तिघा फ्लॅटवाल्यांनी मिळून अख्खा घ्या, डोक्याची आमटी बोनस. वासाचं म्हणाल तर चिंचेच्या कोळात नाहीतर लिंबू-हळदीत अर्धा तास ठेवा. जिओस्मिन आंबटापुढे मोडतं. आपल्या आज्यांनी केमिस्ट्री न शिकता शोधलेली ट्रिक!

आणि हिवाळ्यानंतरचा एखादा शनिवार मोकळा असेल तर पहाटे पाचला निघा. भिगवणजवळच्या कुंभारगावला साडेसातपर्यंत पोचाल. उजनीच्या उथळ पाण्यात फ्लेमिंगो उतरलेले असतात आणि ते दाखवायला होडी वल्हवतात ते तिथलेच मच्छीमार. मासा कमी मिळतो त्या दिवसांत काही घरं या होड्यांवर चालतात. भाड्यात घासाघीस करू नका, पण बसायच्या आधी विचारून घ्या. पक्षी बघताना एकदा पाण्याकडेही बघा, कुठून आलंय ते आता माहीत आहे. दुपारी तिथेच कुणाच्या तरी अंगणात थाळी मिळते. ज्वारीची भाकरी, झणझणीत रस्सा आणि तव्यावरची चिलापी. काटे आहेत, फोन बाजूला ठेवून खा.